पणजीच्या हद्दीत एक दिवस: पक्ष्यांच्या यादीवर उभा राहिलेला निधी

गेल्या हिवाळ्यात पणजीतल्या आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटाने एक रविवार ठरवून घेतला. पहाटेपासून रात्री आठपर्यंत, शहराच्या हद्दीत राहून, जितक्या प्रजाती सापडतील तितक्या नोंदवायच्या आणि त्या यादीवर देणग्या गोळा करायच्या असा बेत होता. पैसा शहरातल्या एका रुग्णसाहित्य केंद्राला जायचा होता. हे केंद्र व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी एअरबेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशा वस्तू गरजूंच्या घरी वापरायला देते आणि गरज संपली की परत आणून पुढच्या घरी पाठवते. ज्यांच्या घरात कधी आजारी माणूस पडला आहे त्यांना अशा केंद्राचे मोल सांगावे लागत नाही.

कल्पना आमची नव्हे. कॅनडात १९७६ पासून अशी ‘बर्डेथॉन’ चालते. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९८४ साली संघासंघांतली शर्यत सुरू झाली, तिथेही प्रजातीमागे अमुक रक्कम असे वचन घेतले जाते. हाँगकाँगची शर्यतही त्याच काळातली, माय पोच्या पाणथळीसाठी निधी उभारणारी. आपल्याकडे मुंबईत २००५ मध्ये पहिली बर्ड रेस झाली आणि मग ती शहराशहरांत पोचली. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पक्ष्यांच्या नावाने आलेला पैसा पक्ष्यांच्याच कामी लागतो. आमच्याकडेही एका जाणत्या सदस्याने तोच मुद्दा मांडला: पक्षी मोजून व्हीलचेअर का घ्यायची, खाजणे, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनी, वाचवायला पैसा नको का? मुद्दा खोटा नव्हता. पण गटातल्या निम्म्या घरांनी या केंद्राची खुर्ची नाहीतर गादी कधी ना कधी वापरली आहे. ते ऋण फेडण्यासाठी आपल्याला येणारे काम करावे, आणि आपल्याला पक्षी ओळखता येतात, एवढे सरळ गणित होते. खाजणांचा विषय बाजूला पडला नाही. तो पुढे येईलच.

हे प्रकरण सविस्तर लिहायचे कारण निधीचा आकडा नव्हे. असा उपक्रम करताना कोणते निर्णय आधी घ्यावे लागतात आणि ते न घेतल्यास दिवसअखेर कोणता पेच उभा राहतो, हे इतर गावांतल्या गटांना उपयोगी पडेल.

हद्द कुठवर धरायची

पहिला वाद हद्दीवरून झाला, आणि तो बरेच दिवस चालला. पणजीहून अर्ध्या तासाच्या आत करमळीचे तळे आहे. हिवाळ्यात तिथे अडई, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी एका जागी उभे राहून मोजता येतात. पहाटे चारला गाडी काढून बोंडल्याच्या अभयारण्यात पोचले तर रानातले पक्षी. गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, शहरात दिसायचा नाही, त्याला रानच हवे. बोंडला, करमळी आणि समुद्रकिनारा एका दिवसात साधला तर शंभरी सहज ओलांडते. प्रजातीमागे पैसे मिळणार असतील तर जास्त प्रजातींच्या मागे का लागू नये, असे तरुण मंडळींचे म्हणणे होते.

शहरातच राहायचे हे ठरले ते देणगीदारांकडे पाहून. आम्ही पैसे मागणार होतो ते मार्केटातल्या दुकानदारांकडे, सोसायटीतल्या शेजाऱ्यांकडे, मुलांच्या शाळेतल्या पालकांकडे. त्यांच्यातला एकही माणूस पहाटे पाचला बोंडल्याच्या फाटकावर उभा राहणार नव्हता. पण सकाळी साडेसातला कांपालच्या झाडांखाली किंवा संध्याकाळी मिरामारच्या वाळूवर तो दहा मिनिटे नक्की येईल, दुर्बिणीला डोळा लावील, आणि आपण ज्याचे पैसे देतोय तो पक्षी स्वतः बघेल. मला हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. देणगीदार साक्षीदार झाला की यादी फक्त आपली राहत नाही.

मग हद्द म्हणजे नेमकी कुठली? महानगरपालिकेची. हे क्षेत्र जेमतेम आठ चौरस किलोमीटरच्या आसपासचे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४०,०१७. नकाशा समोर घेतल्यावर लक्षात आले की रायबंदर आत येते, पण ताळगावची शेते आणि दोनापावला पंचायतीत, म्हणजे बाहेर. ताळगावची शेते गेली याचे सगळ्यांना वाईट वाटले. चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ साली घोषित झालेले आणि फक्त १.७८ चौरस किलोमीटरचे, मांडवीच्या पलीकडे, तेही बाहेर. मात्र रायबंदरच्या फेरी धक्क्यावर उभे राहिले की चोडणची खारफुटी समोरच दिसते. तिथल्या झाडावर बसलेला समुद्रगरुड धरायचा की नाही? नियम केला: माणसाचे पाय हद्दीत हवेत, पक्षी कुठेही असो. हा नियम लिहून ठेवला, कारण तोंडी नियम दुपारी बाराच्या उन्हात वितळतात.

बाकीचे नियम थोडक्यात असे. किमान दोघांनी ओळखल्याशिवाय नाव यादीत जाणार नाही. ऐकलेला पक्षी चालेल, पण दोघांनी कानांनी ऐकलेला हवा. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बाहेर काढायचे नाही. घरट्याजवळ थांबायचे नाही. वाहन लागलेच तर दुचाकी किंवा कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस.

तारीख पंचांगात शोधली

इतर शहरांतल्या गटांना हा भाग कदाचित लागू पडणार नाही, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तो मुद्दाम वाचावा.

पणजीत हिवाळ्यात पाहुणे म्हणून येणारे चिखलपक्षी, म्हणजे टिलवे, तुतवार, चिखल्या, कुरल, हे सगळे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखल उघडा पडला की खायला उतरतात आणि भरतीला कुठेतरी उंचवट्यावर गर्दी करून गप्प बसतात. म्हणजे सकाळचे चार तास कामाचे धरले आणि नेमकी त्याच वेळी भरती असली, तर दहा-बारा प्रजाती डोळ्यांसमोरून जातात. बर्ड रेसची तारीख बहुतेक ठिकाणी सोयीचा रविवार बघून ठरते. आम्ही आधी सुकती बघितली, मग रविवार.

आम्हाला हे सांगितले पणजीच्याच मळा भागात राहणाऱ्या एका आजोबांनी. नदी परिवहन खात्यात फेरीबोटीवर त्यांनी उभा जन्म काढला. आता पक्षाघातानंतर ते व्हीलचेअरवर असतात, आणि ती खुर्ची याच केंद्राची. रुआ द ओरेमच्या खाडीकडे तोंड असलेल्या बाल्कनीत त्यांचा दिवस जातो. मी त्यांच्याकडे देणगीचा कागद घेऊन गेले तर म्हणाले, “चवथ-पंचमी धर गो बाय, सकाळची सुकती मेळटली.” कोकणात सगळीकडे चालणारा हिशेब आहे हा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दहाच्या सुमारास, सुकती. पौर्णिमा-अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकराची भरती दाखवतो, म्हणजे सकाळ वाया. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून बघितले तर आपल्याकडे वेळ थोडी अलीकडे सरकते, पण दिवस निवडायला आजोबांचा हिशेब पुरेसा होता. कोष्टकाने आणखी एक गोष्ट दाखवली: दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात, एक खोल जाते, दुसरी उथळ राहते. ज्या रविवारी सकाळची सुकती नऊ-दहाच्या दरम्यान आणि चांगली खोल होती, तो माघातला रविवार पक्का केला.

आजोबांची बाल्कनीही आम्ही एक अधिकृत थांबा म्हणून यादीत घातली. हद्दीच्या आत होती, त्यांना बाहेर येता येत नव्हते, आणि खाडीवर दिवसभर नजर ठेवणारा त्यांच्यासारखा माणूस गटात दुसरा नव्हता. नियमाप्रमाणे दुसरा साक्षीदार म्हणून त्यांची नात शेजारी वही घेऊन बसली.

देणगीचा कागद

प्रजातीमागे दहा रुपये म्हटले की माणूस दचकतो. पक्षी किती निघतील त्याला ठाऊक नसते. पाचशे निघाले तर? म्हणून कागदावर आम्ही आधीच लिहिले की शहरात साठ ते नव्वदच्या दरम्यान प्रजाती अपेक्षित आहेत, आणि शेजारी रकाना ठेवला: ‘यापेक्षा जास्त देणार नाही’. दहा रुपयेवाल्याला कळले की आपले सहाशे ते नऊशे जातील. पन्नास रुपयेवाल्याने चार हजारांची मर्यादा घातली. या एका रकान्याने नकार निम्म्यावर आले असतील. ज्यांना हिशेबात पडायचेच नव्हते त्यांच्यासाठी एकरकमी देणगीचा रकाना होता.

पैसा आमच्या हातात घ्यायचा नाही, हे पहिल्या बैठकीतच ठरले. यादी संपली की प्रत्येकाला त्याच्या रकमेचा निरोप जाणार आणि तो थेट केंद्राच्या खात्यात भरणार; पावती केंद्राचीच. ज्यांना आयकरातली ८०जी ची सवलत हवी होती त्यांना सांगितले की रोखीने २,००० रुपयांवर दिलेल्या देणगीला ती मिळत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआय करा. अशा उपक्रमात वचन मोठे आणि वसुली छोटी असे पुष्कळदा होते, म्हणून निरोप त्याच रात्री पाठवायचा, यादीसकट. दोन दिवस गेले की उत्साह ओसरतो.

कागदावर नसलेली एक अट मात्र शेवटच्या आठवड्यात आली. मार्केटातल्या एका व्यापाऱ्याने प्रजातीमागे वीस रुपये लिहिले आणि वर म्हणाले, ऐंशी गाठा, पंधरा हजार वेगळे देतो. मोठ्या मनाने म्हणाले. आमच्यातल्या दोघांनी तिथेच हो म्हटले, आणि बातमी गटात पोचली तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला. साधी घडीची व्हीलचेअर पाच-सात हजारांत येते. पंधरा हजार म्हणजे दोन खुर्च्या.

तो रविवार

आल्तिनोच्या उतारावर अंधारातच सुरुवात झाली. पिंगळा आणि गव्हाणी घुबड पहाटेच मिळाले. उजाडायला लागल्यावर तांबटाची टुक टुक, दयाळाची शीळ, भारद्वाजाचा घुमणारा आवाज, हळद्या, राखी कोतवाल, शिंपी, दोन तऱ्हांचे शिंजीर, फुलटोच्या. तासाभरात यादीचा पाव भाग भरला. कांपालला शाळेतली मुले आणि पालक आले. शिपाई बुलबुल आणि लालबुड्या बुलबुल शेजारी शेजारी बसलेले दिसल्यावर मुलांना फरक लगेच कळला, पालकांना जरा वेळ लागला.

साडेआठला सगळे रायबंदरच्या रस्त्यावर. हा बांध १६३० च्या दशकात पोर्तुगीज व्हाइसरॉयने, लिन्यारिशच्या काउंटने, बांधून घेतलेला, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला जुनी मिठागरे आणि खारफुटी. रोज हजारो गाड्या यावरून जातात आणि खिडकीतून चिखल तेवढा दिसतो. त्या सकाळी आम्ही स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावून तासाहून जास्त वेळ तिथे उभे होतो. सुकती उतरत होती. पाणी मागे सरकेल तसे लाल पायांचे टिलवे त्याच्या कडेने पुढे सरकत होते, चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चिखलात खालीवर. त्यांच्यामागे कोरडवट भागावर धाकटे वाळू-चिखल्या: चार पावले पळायचे, थबकायचे, एक टोच, पुन्हा पळायचे. उलट्या वळणाच्या चोचीचा एक तुतवार सगळ्यांना चुकवून खेकड्यांमागे वेडावाकडा धावत होता.

एका लहान कुरलाने एक कुर्ली, म्हणजे खेकडा, पकडली ती इतक्या जवळ की स्कोपची गरज नव्हती. त्याने ती चोचीत धरून झटकायला सुरुवात केली. एक नांगी तुटून उडाली, मग पाय. उरलेले धड त्याने पाण्याच्या कडेला नेले, बुडवून चिखल धुतला, आणि मान उंचावून गिळले. रस्त्याने चाललेल्या एका स्कूटरवाल्या बाई थांबून हे सगळे बघत होत्या. आम्ही काय करतोय ते विचारून त्यांनी तिथेच प्रजातीमागे पाच रुपये लिहिले. खाजणांसाठी पैसा का नको, असे विचारणारा आमचा जाणता सदस्य त्यांच्याशी अर्धा तास बोलत उभा राहिला: हा चिखल भरला, इथे मातीचे ट्रक रिकामे झाले, तर ही चोच कुठे जाईल, आणि पावसाळ्यात वर चढणारे पाणी कुठे जाईल. त्या दिवशी चिखलाकडे दोन-चार डझन माणसांनी नीट पाहिले असेल. निधी आजाऱ्यांसाठी होता तरी हे कामही झालेच.

बाल्कनीतून फोन येत होते. वंचक, पाणकावळा, छोटा बगळा, तुतवार हे आम्हाला आधीच मिळालेले होते, तरी नात प्रत्येकाची वेळ लिहीत होती. अकराच्या सुमारास आजोबांनी मोठ्या लाल चोचीचा खंड्या पाहिला, होडी बांधायच्या खुंटावर बसलेला. तो दिवसभरात दुसऱ्या कोणालाही दिसला नाही. आजोबा आणि नात, दोघांनी पाहिलेला. नियमात चोख बसला.

दुपार रिकामीच गेली म्हणायची. सांतिनेजच्या नाल्याकडे पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, मासळी मार्केटावर घारी आणि ब्राह्मणी घारी, बाकी जेवण आणि सावली. मिरामारला कुरव आणि सुरय मोजून संध्याकाळी परत आल्तिनो. अंधार पडला तेव्हा यादी एकोणऐंशीवर होती.

दोन नावे, एक जागा

एकोणऐंशी सोडून आणखी दोन नावे बाजूला लिहिलेली होती. त्यांतले एक जरी धरले असते तरी ऐंशी झाले असते.

पहिले नाव थोरल्या वाळू-चिखल्याचे. मिरामारच्या वाळूवर दुपारी एकटाच उभा असलेला हा पक्षी गटातल्या सर्वांत अनुभवी मावशींनी पाहिला. चोच जाड आणि लांब वाटली, पाय लांब आणि फिकट. थोरला आणि धाकटा हिवाळ्याच्या पिसाऱ्यात इतके सारखे दिसतात की दोघे शेजारी असल्याशिवाय किंवा उडताना शेपटीबाहेर येणारी बोटे दिसल्याशिवाय छातीठोक सांगणे अवघड. शेजारी दुसरा नव्हता, वाळूवरून उन्हाची वाफ उठत होती, आणि फोटोत चोचीचा आकार धूसर आला होता. दुसऱ्या सदस्याला तो पटला नाही. मावशी स्वतः म्हणाल्या, मला ऐंशी टक्के खात्री आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशा वेळी ‘थोरला किंवा धाकटा’ अशी जोड-नोंद करता येते आणि आम्ही ती केली. पण धाकटा सकाळीच यादीत आलेला असल्याने त्या नोंदीने आकडा वाढत नव्हता.

दुसरे नाव एका रानघुबडाचे. संध्याकाळी सव्वासातला आवाज ओळखणाऱ्या ॲपने ते एका मुलाच्या मोबाइलवर दाखवले. वरच्या रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, देवळातला स्पीकर लागलेला. मुलाने प्रामाणिकपणे सांगितले की त्याला स्वतःला काही ऐकू आले नाही. बाकी कोणालाही नाही.

रात्री आठला एका सदस्याच्या घरी सगळे जमलो. पंधरा हजारांचा विषय कोणी काढायची गरजच नव्हती. घडलेली चर्चा जशीच्या तशी द्यायला हवी, कारण दोन्ही बाजूंनी चांगली माणसे होती.

गटातले एक काका, त्या केंद्रात स्वयंसेवक म्हणूनही काम करणारे, म्हणाले: थोरल्या चिखल्याला यादीत घातले किंवा नाही घातले, त्याला काय फरक पडतो? तो उद्याही तिथेच उभा असेल. पण केंद्राच्या वहीत खुर्चीसाठी थांबलेल्यांची नावे आहेत, त्यांतली दोन माझ्या वाड्यातली आहेत. मावशींसारख्या बाईला ऐंशी टक्के खात्री आहे. एवढ्या खात्रीवर आपण रोजच्या आयुष्यात किती निर्णय घेतो? आणि पैसे देणाऱ्याला ते द्यायचेच आहेत. ऐंशी हे त्याने दिलेले निमित्त आहे.

हे बोलणे ऐकून कोणाच्याही पोटात कालवले असते. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चिखल वाचवायचा आग्रह धरणाऱ्या सदस्याने वही उघडली आणि देणगीदारांची नावे वाचायला सुरुवात केली. प्रजातीमागे दहा, प्रजातीमागे वीस, प्रजातीमागे पाच. स्कूटरवरच्या बाई. आजोबांच्या शेजारची शिक्षिका. शाळकरी मुलगा, प्रजातीमागे एक रुपया, खाऊच्या पैशातून. वाचून झाल्यावर म्हणाला: एक नाव वाढवले की या सगळ्यांचे बिल वाढते. व्यापाऱ्याकडून पंधरा हजार आणताना आपण या मुलाकडूनही एक रुपया घेतो, आणि तो घुबडाचा रुपया असतो, जे घुबड कोणी ऐकले नाही.

निर्णय त्या वाक्याने झाला असे मी मानते. तोवर आम्ही सगळे त्या पेचाकडे एक पक्षी आणि दोन खुर्च्या असे बघत होतो. यादी ही खरे तर त्या रात्री पाठवायच्या प्रत्येक हिशेबाचा पाया होती. तिच्यात एक नाव ढिले निघाले तर बाकीची एकोणऐंशी तपासायला कोणाकडे काही साधन नव्हते. ती लोकांनी आमच्या शब्दावर सोडली होती. आणि दोघांचा नियम आम्ही दिवस उजाडायच्या आधी लिहिला होता, कोणता पक्षी, कोणता व्यापारी, काहीच माहीत नसताना. म्हणूनच तो टिकला. त्या रात्री बसून नियम करायचा असता तर तो पंधरा हजारांकडे झुकला असता यात मला शंका नाही.

मावशींनी चिखल्या स्वतःच खोडला. घुबडाबद्दल वाद झालाच नाही.

नंतर

एकोणऐंशी प्रजातींचे निरोप रात्री अकराच्या आत गेले. प्रजातीमागे दहावाल्याचे सातशे नव्वद, वीसवाल्याचे पंधराशे ऐंशी. व्यापाऱ्याने आपले पंधराशे ऐंशी दुसऱ्या दिवशी भरले. पंधरा हजार दिले नाहीत. ठरले होते तसेच त्यांनी केले, आणि त्याबद्दल गटात कोणी त्यांना बोल लावलेला मला चालणार नाही. अट त्यांनी उघड सांगितली होती, आम्ही ती पुरी केली नाही. वसुली जवळजवळ पूर्ण झाली. केंद्राने त्या पैशातून दोन एअरबेड आणि एक व्हीलचेअर घेतली. आणखी दोन खुर्च्या आल्या असत्या, ही वस्तुस्थिती आहे, आणि ती लपवून हे प्रकरण लिहिले तर वाचणाऱ्याला निर्णयाची किंमत कळणार नाही.

माझे मत स्पष्ट आहे: आकडा गाठला तर मोठी रक्कम, अशी देणगी प्रजाती मोजणाऱ्या उपक्रमात घेऊच नये. प्रजातीमागे वीस रुपयांचा मोह कोणालाही होत नाही; एका नावाला पंधरा हजारांचा भाव आला की चांगल्या माणसांनाही रात्रभर भांडावे लागते. त्या व्यापाऱ्यांना पहिल्या दिवशीच हात जोडून सांगता आले असते की तेच पैसे एकरकमी रकान्यात लिहा. ते लिहिले असते असे मला वाटते, कारण द्यायची इच्छा त्यांना होतीच.

यादी ई-बर्डवर आहे, वेळ आणि ठिकाणांसकट. बाल्कनीतली नोंद आजोबांच्या नातीने स्वतःच्या नावाने खाते उघडून भरली, आणि आता ती दर रविवारी भरते. रायबंदरच्या चिखलावर दर पंधरवड्याला मोजणी करायची असे चार जणांनी ठरवले आहे. स्कूटरवरच्या बाई त्यांतल्या एक आहेत.

काका अजूनही म्हणतात की त्या रात्री खुर्च्या घ्यायला हव्या होत्या. तरीही पुढच्या माघासाठी देणगीचा कागद त्यांनीच नव्याने तयार केला. त्यात तळाशी ठळक अक्षरांत दोन ओळी आहेत: ‘ठरावीक आकडा गाठण्याच्या अटीवरची देणगी स्वीकारली जात नाही. अशी इच्छा असल्यास कृपया एकरकमी रकान्यात लिहावे.’ कागद घेऊन ते पहिल्यांदा त्याच व्यापाऱ्यांकडे गेले होते.